दोन मिनिटांचा दिवा

दात घासणे हा काही ललित लेखनाचा विषय नव्हे, असे वाचकांना प्रथमदर्शनी वाटेल आणि त्यांचे म्हणणे आम्हांला बरेचसे मान्य आहे. लिहावे तर समुद्रावर, पावसावर, आईच्या मायेवर. मोरीत उभे राहून, तोंडात फेस धरून उरकायच्या कामावर कोणी काय लिहावे? तथापि गेल्या दोन-तीन वर्षांत धर्मग्रामातील घरभेटींच्या निमित्ताने एक वस्तू आमच्या वारंवार पाहण्यात आली आणि ती काही केल्या मनातून जाईना. ही वस्तू म्हणजे लहान मुलांचा दिव्याचा टूथब्रश.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. दांडा पारदर्शक प्लॅस्टिकचा, लाल, निळा अथवा हिरवा. बुडाशी रबराची चकती असते. ती बेसिनच्या कडेला चिकटली की ब्रश शिपायासारखा ताठ उभा राहतो. बुडाशीच एक कळ असते. ती दाबली की दांड्याच्या पोटातील इवलासा दिवा लुकलुकू लागतो. दिवा चालू आहे तोवर मुलाने घासत राहायचे, दिवा विझला की काम संपले. काही ब्रशांतील दिवा एक मिनिट चालतो. मिनिटभर वरचे दात घासायचे, पुन्हा कळ दाबून मिनिटभर खालचे. काहींचा दिवा सलग दोन मिनिटे चालतो. मोठ्या माणसांसाठी जे विजेचे ब्रश मिळतात, त्यांतील पुष्कळसे दर तीस सेकंदांनी क्षणभर थबकतात. तोंडाचा एक कोपरा झाला, आता पुढचा घ्या, अशी ती सूचना असते. चार कोपरे, प्रत्येकी तीस सेकंद, एकूण दोन मिनिटे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, वसईच्या आमच्या वाडीत दात घासण्याला असे मोजमाप नव्हते. विहिरीच्या काठी उभे राहावे, चुलीतली राखुंडी तळहातावर घ्यावी, त्यात चिमूटभर मीठ घालावे आणि बोटाने दात चोळावेत. थोरली पुरुषमाणसे कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावत अर्धी वाडी फिरून येत. वाटेत कोणाच्या केळीला घड आला, कोणाचा पाट फुटला, याची चौकशीही होत असे. काही वृद्ध स्त्रिया मशेरी लावीत. तंबाखू भाजून केलेली ती पूड दातांना पुष्कळ घासली जाई, पण तिने दातांचे भले झाले नाही आणि तोंडाच्या कर्करोगाला मात्र वाट मिळाली. त्या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या वाडीत पन्नाशीत बोळके झालेली माणसे कमी नव्हती.

ब्रशचा इतिहासही मोठा रंजक आहे. डुकराच्या राठ केसांचा ब्रश पंधराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये वापरात होता. इंग्लंडात विल्यम अॅडिस याने १७८० च्या सुमारास ब्रश तयार करून विकण्याचा धंदा सुरू केला. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि डुकराचे केस मागे पडले. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी विजेवर चालणारा ब्रश तयार केला. या सर्व सुधारणा ब्रशच्या केसांत, दांड्यात आणि वेगात झाल्या. दिव्याच्या ब्रशने मात्र हात घातला तो घासणाऱ्या माणसाच्या धीराला. ब्रश चांगला असला तरी माणूस तो तोंडात पुरेसा वेळ ठेवीत नाही, ही अडचण त्याने ओळखली.

आता ही दोन मिनिटे कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर शोधताना आम्हांला हॉलंडमधील डेल्फ्ट शहरच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याची आठवण होते. स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म सृष्टी पाहण्याचा त्यांना छंद होता. १६८३ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. आपण रोज मिठाने दात घासतो, असे त्यांनी त्यात अभिमानाने नमूद केले होते. तरीही दातांच्या फटीत राहिलेला पांढुरका थर काढून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना त्यांना दिसले. मिठाने दात घासणाऱ्या आम्हां वाडीकरांचीही स्थिती याहून निराळी नसणार.

तोच चिकट थर आजही आपल्या सर्वांच्या दातांवर रोज धरतो. त्यातील जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणाला, म्हणजे इनॅमलला, हळूहळू विरघळवते. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. पण एकदा खड्डा पडलेले इनॅमल शरीराला पुन्हा घडवता येत नाही. तो थर नुसत्या चुळीने जात नाही. तो प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूवरून घासूनच काढावा लागतो.

येथे थोडा हिशेब करून पाहावा. लहान मुलाला वीस दुधाचे दात असतात. त्यांपैकी पुढच्या बारा दातांना आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू धरू. आठ दाढांना चावण्याची बाजू धरून तीन. एकूण अठ्ठेचाळीस बाजू झाल्या. दोन मिनिटांचे सेकंद एकशे वीस, म्हणजे प्रत्येक बाजूच्या वाट्याला अडीच सेकंद. बत्तीस दात असलेल्या मोठ्या माणसाच्या वाट्याला तर दर बाजूस दीड सेकंदही येत नाही. दोन मिनिटे म्हणजे काही चैन नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. तरीही ज्यांनी घड्याळ लावून लोकांचे दात घासणे मोजले, त्यांना असेच आढळले की माणसे सांगतात त्यापेक्षा बराच कमी वेळ घासतात. ती खोटे बोलतात असे नव्हे. कंटाळवाण्या कामात गेलेला वेळ मनाला लांबच लांब वाटतो.

दातदुखीचे दुःख काय असते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पवित्र सभेने त्या दुःखासाठीही एक आश्रयदाती संत दिली आहे. अलेक्झांड्रिया नगरीत सन २४९ मध्ये झालेल्या छळात संत अपोलोनिया हिचे दात पाडण्यात आले आणि तिने हौतात्म्य पत्करले. ९ फेब्रुवारी हा तिचा स्मरणदिन. दंतवैद्यही तिला आपली आश्रयदाती मानतात. पूर्वी दातदुखीने तळमळणाऱ्या माणसाला तिचा धावा करण्यावाचून फारसा उपाय नव्हता. आज उपाय आहेत, पण त्यांना पैसे लागतात. आणि दाढेतील खड्डा भरण्याचा खर्च मागे टाकता टाकता शेवटी दाढ काढूनच घेणारी कुटुंबे आमच्या धर्मग्रामातही आहेत.

वेळ मोजण्याच्या बाबतीत मात्र आपले पूर्वज अगदीच निरुपाय नव्हते. घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी ख्रिस्ती जगात प्रार्थना हेच घड्याळ होते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात १६४७ मध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा तो किती वेळ टिकला याची नोंद 'दोन क्रेडो' अशी झाली. म्हणजे आपण रविवारच्या मिस्सेत म्हणतो तो विश्वासांगीकार दोनदा म्हणून होईल इतका वेळ. त्याच देशात अंडे शिजवण्याचा वेळ एक नमो मरिया मोठ्याने म्हणून ठरवीत. युरोपातील जुन्या पाककृतींतही अमुक स्तोत्र म्हणून होईपर्यंत उकळावे, अशा सूचना आढळतात. स्वयंपाकघरातील त्या स्त्रीच्या मनात भक्ती किती आणि अंड्याची काळजी किती, हे परमेश्वरच जाणे. पण शब्द ओठांवर, हात कामात आणि दोहोंची चाल एक, अशी ती रीत होती.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत ही जागा घंटेने घेतली होती. उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, अभ्यासाची, जेवणाची, मौनाची. घंटा म्हणजे देवाची हाक, असे आम्हांला शिकवले जाई. पहिल्या वर्षी घंटा वाजली की आम्ही लगबगीने उठत असू. पुढे पुढे असे झाले की घंटा वाजण्यापूर्वीच पुस्तक मिटले जाई. सुटीत घरी आल्यावर घंटा नसे. तरी पहाटे डोळा उघडे आणि पाय आपोआप विहिरीकडे वळत. आमच्या एका सोबत्याचे मात्र निराळे होते. घंटेच्या आज्ञेत तो आम्हां सर्वांहून तत्पर असे. पण सुटीत तो सकाळी नऊ वाजेपर्यंत झोपे आणि 'घंटा कुठे झाली?' असे हसून विचारी. घंटा दोघांच्याही कानी एकच पडली होती. एकात ती उतरली, दुसऱ्याच्या कानापाशीच राहिली. दिव्याचा ब्रश हातात धरलेले मूल पाहिले की आम्हांला ही घंटा आठवते. हा दिवा त्या मुलात उतरेल, की विझल्याबरोबर संपेल?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मुलाकडून नव्हे, तर एका वृद्ध स्त्रीकडून मिळाले.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघर जातो. अशाच एका घरी ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांना विस्मृतीचा आजार जडला. आरंभी चष्मा हरवे, मग वाट हरवू लागली, मग माणसे. आठ वर्षांच्या नातवाला त्या आपला धाकटा भाऊ समजतात आणि तोही बिचारा 'हो ताई' म्हणून मोकळा होतो. या आजारात माणसाची वेळेची जाण जाते, हे आम्ही ऐकून होतो. त्याचा अर्थ काय, हे त्या घरी कळले. आजींचे बरेचसे दात अजून शाबूत होते. पण ब्रश तोंडात घातला की कधी त्या लगेच काढून ठेवीत, तर कधी एकाच जागी इतका वेळ घासत की हिरडीतून रक्त येई. 'झाले, आई,' असे सूनबाईंनी म्हटले की त्या रागावत. आत्ता तर सुरुवात केली, असे त्यांना वाटे.

मध्यंतरी त्यांना न्यूमोनिया झाला. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी घरच्यांना तोंडाच्या स्वच्छतेविषयी बजावून सांगितले. वृद्ध माणसाला गिळताना ठसका लागतो, लाळेबरोबर तोंडातील जंतू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया उलटू शकतो. सूनबाई घाबरल्या. दात घासण्याचे ते क्षुल्लक काम त्या घरात आता जिवाचे काम झाले.

तेव्हा नातवाने आपला दिव्याचा ब्रश आजीपुढे केला. आखातात नोकरीला असलेल्या मामाने त्याच्यासाठी असे दोन ब्रश पाठवले होते. त्यांतला एक नवाच होता. आजींनी लुकलुकणारा दिवा पाहिला आणि नवल वाटून त्या हसल्या. दिवा चालू असेतोवर त्यांनी दात घासले. दिवा विझला तसा त्यांनी ब्रश खाली ठेवला. कोणी सांगावे लागले नाही, कोणी रागावावे लागले नाही. सुनेच्या शब्दाला जे साधत नव्हते ते त्या ठिणगीएवढ्या दिव्याने साधले. पुढच्या पहिल्या शुक्रवारी सूनबाईंनी आम्हांला हे सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

पण या ब्रशांतील बॅटरी बदलता येत नाही. काही आठवड्यांनी दिवा मंद झाला आणि एके रात्री लागेचना. आजी ब्रश हातात धरून उभ्या राहिल्या. दिवा लागत नाही तर सुरुवात कशी करायची? दुसरा ब्रश नातवाने केव्हाच वापरून संपवला होता. दुकानात तसला मिळेपर्यंत काय करावे, हे कोणाला सुचेना. तेव्हा नातवाने जे ऐकत तो वाढला होता, तेच सुरू केले. त्या घरी रोज सायंकाळी जपमाळ म्हटली जाते. त्याने आजीचा हात धरून ब्रश तिच्या तोंडाशी नेला आणि नमो मरिया म्हणायला सुरुवात केली. आजींचा हात हलू लागला. बोटे मोडत त्याने दहा नमो मरिया म्हटल्या आणि दशकाच्या शेवटची गौरवाची प्रार्थना म्हटली. ती संपताच आजींनी चूळ भरली, ब्रश ठेवला आणि क्रूसाची खूण केली.

भाऊ कोण, नातू कोण, हे विसरलेल्या त्या मनात जपमाळेचे दशक कोठे संपते एवढे शाबूत होते. ऐंशी वर्षांच्या सायंकाळी ते तेथे ठेवले गेले होते. आम्ही नंतर घड्याळ लावून पाहिले: एकट्याने सावकाश म्हटलेले दशक दोन मिनिटांहून किंचित अधिक भरते.

सूनबाईंना मात्र शंका होती. 'फादर, तोंडात फेस असताना नमो मरिया चालते का? पाप तर नाही ना?' असे त्यांनी आम्हांला दाराशी हळूच विचारले. नाझरेथच्या घरातही भांडी घासली जात होती आणि तोंडे धुतली जात होती, एवढेच आम्ही त्यांना सांगितले.

यावरून दिव्याचा ब्रश निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या घरी तो कठीण दिवसांत उपयोगी पडला. आपल्या वसईत पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणारे कितीतरी आईबाप आहेत. आपण नसताना मुलाचे दात नीट घासले जावेत या काळजीने ते हा ब्रश घेतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. मात्र काही गोष्टी ध्यानात असाव्यात. ब्रश दर तीन-चार महिन्यांनी बदलावाच लागतो. तेव्हा त्याच्याबरोबर बॅटरी आणि दिवाही जातो. तो घरच्या ओल्या कचऱ्यात न टाकता बॅटरी व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. दांडा फुटून आतील बॅटरी बाहेर आली, तर ती मुलाच्या हाती लागू देऊ नये. बटणासारखी ही बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

दुसरे असे की, दिवा वेळ दाखवतो, जागा दाखवत नाही. दोन्ही मिनिटे पुढचेच दात घासणाऱ्या मुलालाही तो तितक्याच आनंदाने शाबासकी देतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. कित्येक आईवडील तिलाही दुधाचीच दाढ समजतात आणि पडायचीच आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक ती आयुष्यभराची दाढ असते आणि बहुधा तीच सर्वांत आधी किडते. तिच्यापर्यंत ब्रश पोहोचला की नाही, हे पाहायला माणसाचाच डोळा लागतो. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्याने शेवटचा हात फिरवावा, वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, आणि सकाळचे घासणे एखादे वेळी घाईत झाले तरी रात्रीचे चुकवू देऊ नये. कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रात्र मोकळी मिळते.

रात्रीची लोकल कितीही उशिरा आली, तरी दोन मिनिटे बहुतेक घरांत निघू शकतील, असे आम्हांला वाटते. त्या दोन मिनिटांत मुलाशेजारी उभे राहावे. दिवा असला तर असू द्यावा. प्रार्थना म्हणावी, गाणे म्हणावे, नाहीतर नुसते एक ते एकशे वीस मोजावे. मुलाला ते आज बंधन वाटेल. पण आपण जे रोज त्याच्या कानी घालतो, त्यातले काय त्याच्यापाशी शेवटपर्यंत राहील, हे आपल्याला आज सांगता येत नाही.

त्या आजी आता अंथरुणाला खिळल्या आहेत. ब्रश धरण्याइतकी शक्ती हातात राहिली नाही. सूनबाई बोटाला मऊ ओले कापड गुंडाळून त्यांचे दात आणि हिरड्या पुसतात. नातू कधी जवळ असतो, कधी मैदानावर क्रिकेट खेळत असतो. तो नसला की दशक सूनबाईच म्हणतात.